सासर-माहेर जोडणी

विनंती पूर्ण होऊ शकली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

*

हातमागावर जन्म काढलेल्या बाईचा अंगठा गारगोटीसारखा गुळगुळीत होतो. यंत्राला त्यात रेषा सापडत नाहीत.

*

कामठीत एका गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर एक म्हातारी बाई आडवी झाली. उठली तेव्हा गालावर कुरडयांची नक्षी उमटलेली. शेजारणी हसल्या. तीही हसली.

*

वर्ध्याकडची एक बाई दोन नावं असल्यामुळे मेली.

*

आज पारा सत्तेचाळीसच्या वर जाईल. कामाशिवाय घराबाहेर पडू नये.

*

नियम: दोन्ही व्यक्तींना अधिकाऱ्याने एकाच वेळी, एकाच जागी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं.

*

सुमनबाई पराते कढीला फोडणी देता देता थांबल्या. मोहरी तडतडली, काळी झाली, धूर निघाला, तरी पळी हातातच.

"आई!" दर्शना धावली. तिने गॅस बंद केला आणि सासूला पाटावर बसवलं. गळ्याखालच्या हाडाशी, कातडीच्या आत, औषधाची कुपी होती. तिचा हिरवा ठिपका लाल झाला होता. फोनवर तेच वाक्य: विनंती पूर्ण होऊ शकली नाही.

"काही नाही झालं," सुमनबाई म्हणाल्या. "उन्हानं होऊन राहिलं. कढी गेली न पण."

"ह्या आठवड्यात किती वेळा झालं असं?"

"तू काय मोजाले बसली का?"

दर्शनाचं कामच ते होतं. नागपुरातल्या ज्या कंपनीच्या डेटाबेसवर विदर्भातल्या सगळ्या कुप्या चालत, त्या कंपनीत ती बिघाड शोधायची. दुसऱ्यांच्या सासवांना मात्रा का मिळाली नाही हे ती रोज सांगायची. घरचा लाल ठिपका मात्र तिला कळत नव्हता.

*

कुपी स्वतः काही ठरवत नाही. हृदय थकलं की ती विनंती पाठवते. तिकडे डेटाबेस लाखो हृदयांच्या नोंदींशी ताडून मात्रा काढतो, परवानगी देतो, आणि कुपी तेवढाच थेंब सोडते. औषध जहाल. एक मात्रा हुकली तर भोवळ येते, लागोपाठ हुकल्या तर हृदय बंद पडू शकतं, आणि दोन एकदम मिळाल्या तर पडतंच.

वर्ध्याकडच्या बाईचं तेच झालं होतं. कुपी सासरच्या नावाने बसवलेली. ती माहेरी गेली, तिथे छातीत कळ आली, दवाखान्याने माहेरच्या नावाची जुनी नोंद उघडली. ती कोरी होती. त्यांनी त्याच औषधाची सुई दिली. कुपीने नुकताच थेंब सोडला होता.

त्यानंतर दर्शनाने जोडणी लिहिली. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, पुष्कळदा पहिलंही बदलतं. एकाच बाईच्या दोन नोंदी पडून राहतात, एकमेकींना न ओळखता. जन्मतारीख, जन्मगाव, आईबापांची नावं आणि लग्नाची नोंद जुळली की दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या मानायच्या, असं तिने प्रणालीला शिकवलं. ऑफिसात त्याला सासर-माहेर जोडणी म्हणत. अंगठ्याची अट तिने मुद्दाम काढली होती. पवनी, उमरेड, पाचपावली, जिकडे तिकडे मागावरच्या बायका. त्यांच्या अंगठ्यांवर भरवसा ठेवला असता तर एकही जोडी जुळली नसती. याच कामासाठी तिला बढती मिळाली. पेढे सुमनबाईंनीच वाटले होते.

*

"एका बाईसाठी ट्रेस?" घाटोळे सर म्हणाले. ते विभागाचे प्रमुख. "मॅडम, उन्हाळ्यात सगळ्यांच्याच विनंत्या तुंबतात. उन्हात माझी बायकोसुद्धा तीन हाका मारल्याशिवाय उत्तर देत नाही. तिच्यावर लावता का ट्रेस?"

"उन्हाने उशीर होतो, सर. नकार येत नाही. इथे नकार येतोय."

"कोण आहे ही बाई?"

"पाचपावलीतली एक पेशंट."

खोटं नव्हतं. नात्यातल्या माणसावर ट्रेस लावायला बंदी होती, आणि दर्शना ऑफिसात लग्नाआधीचं आडनाव लावायची.

"लावा. पण फिल्टर बारीक ठेवा," सर म्हणाले. "मागच्या वेळी कोणीतरी सगळंच उघडं ठेवलं आणि अख्खा अमरावती विभाग रांगत होता."

त्रुटीचा संदेश फक्त 'झालं नाही' एवढं सांगतो, का ते सांगत नाही. ट्रेस लावला की डेटाबेस आपली प्रत्येक हालचाल बोलून दाखवू लागतो: कोण आलं, कोणती नोंद उघडली, कुणाला थांबवलं. पण स्वयंपाक करणारीने दर चिमूट मोठ्याने सांगायची ठरवली तर जेवायला संध्याकाळ होते, तसा तोही मंदावतो. म्हणून ट्रेस कायमचा ठेवता येत नाही. नेमक्या माणसावर, नेमक्या त्रुटीवर लावायचा आणि वाट पाहायची. त्यातली गोम अशी की बिघाड होऊन गेल्यावर लावून उपयोग नसतो. तो पुन्हा घडावा लागतो, तुम्ही बघत असताना.

म्हणजे आईंना पुन्हा भोवळ यावी लागणार होती. दर्शना पडद्यासमोर बसून त्याची वाट बघत होती. हे लक्षात आलं तेव्हा तिने खुर्ची मागे ढकलली, आणि परत पुढे ओढली.

दुपारी घरून नवऱ्याचा, प्रफुलचा, फोन आला. "आई परत बसली गं खाली. आता बरी आहे. तू काही करून राहिली का नाही?"

"करतेय," दर्शना म्हणाली. पडद्यावर ओळी उमटल्या होत्या.

*

विनंती आली: छबी नंदनवार. ठिकाण कामठी.

व्यक्ती शोधली. छबी नंदनवार म्हणजेच सुमन पराते.

व्यक्तीला कुलूप लावलं. मात्रा काढतो आहे.

विनंती आली: सुमन पराते. ठिकाण पाचपावली.

व्यक्तीला कुलूप आहे. थांबलो.

मात्रा दिली: कामठी.

कुलूप काढलं.

व्यक्तीला नुकतीच मात्रा मिळाली आहे. दुसरी देता येणार नाही.

विनंती पूर्ण होऊ शकली नाही.

*

दर्शनाने ते पुन्हा वाचलं. नोंद बदलताना दोन हात एकदम लागू नयेत म्हणून कुलूप असतं. कुलूप बरोबर होतं, नकारही बरोबर होता. एका बाईला दोन मात्रा मिळू नयेत म्हणून तिने स्वतः लिहिलेली ओळ चोख काम करत होती.

फक्त बाया दोन होत्या.

छबी नंदनवार हे सुमनबाईंचं माहेरचं नाव. ते नाव कामठीत होतं, त्याच्या गळ्याखाली कुपी होती, आणि ऊन चढलं की दोन्ही हृदयं एकाच सुमाराला थकत होती. जिची विनंती आधी पोचेल तिला थेंब. दुसरी खाली.

घाटोळे सर मागून आले. तिने पडदा बदलला.

"सापडलं काही?"

"अजून नाही."

हे मात्र खोटं होतं.

*

सुमनबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. कूलर घरघरत होता. प्रफुल दुकानात गेलेला.

"आई, छबी नंदनवार कोण?"

"मीच. लग्नाआधीची. काहून?"

"कामठीत कोण राहतं?"

चिंचोका बोटांतून निसटून पाटाखाली गेला. "कामठीत लय लोकं राहतात."

"आई."

सुमनबाईंनी हात पदराला पुसले. "तुझ्या सासऱ्याची बाई. लाइनमन होते ते. पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस कामठीले. सांगत, खांब पडला. मी म्हणे, कामठीत इतके खांब तरी आहेत का?" त्या हसल्या. मग हसू गेलं. "ते गेले तेव्हा आली होती. दारातूनच गेली. मी पाणीसुद्धा नाही विचारलं."

"मग तुमचं नाव तिला..."

"त्यांच्या सोबतच्या ढोमणेंनी सांगितलं, तिलेही हेच दुखणं. योजनेत कुपी बसत नाही. घरातलं कोण, नातं काय, तिथे लिहाले तिच्यापाशी काही नाही. माझं ते नाव पडून होतं. लग्न झाल्यावर कोणी हाक नाही मारली त्या नावानं. आपण वापरातलं पातेलं देतो कोणाले, मग हे तर न वापरलेलं. शाळेचा दाखला ढोमणेंच्या हातून पाठवून दिला."

"तुम्हाला तिची दया आली?"

"दया बिया काही नाही." आवाज एकदम कडक झाला. "तिचं काहीतरी माझ्यापाशी राहिलं होतं. ते परत करता येत नव्हतं. म्हणून हे दिलं. झालं."

दर्शनाला वाटलं, सासऱ्यांबद्दल बोलताहेत.

"प्रफुलले नको सांगू," सुमनबाई म्हणाल्या. "बापाचा फोटो रोज पुसतो तो."

*

तीन वाटा होत्या आणि तिन्हींवर कुणीतरी पडलेलं होतं.

ट्रेस जसा आहे तसा सरांपुढे ठेवला तर दुसऱ्याच्या नावावर बसवलेली कुपी म्हणून कामठीची कुपी दुरूनच बंद होईल. ती बाई उन्हाळा काढणार नाही. नाव देणारी म्हणून सुमनबाईंवर गुन्हा.

जोडणीच बंद केली तर वर्ध्याकडच्या बाईसारख्या किती तरी.

गप्प बसलं तर ऊन वाढत जाईल.

एक चौथी फट होती. चुकून जोडलेल्या नोंदी सोडवण्याची सोय तिनेच ठेवली होती, सख्ख्या जुळ्या बहिणींसाठी. अधिकाऱ्याने दोघींना एका जागी उभं करायचं, दोघींची नाडी एकदम घ्यायची, एकीने दुसरीची ओळख सांगायची, आणि अधिकाऱ्याने आपल्या नावावर लिहायचं: दोघींना समोर पाहिलं, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.

ते वाक्य शब्दशः खरं असणार होतं. त्यानेच ती जास्त घाबरली. खोटं बोलताना निदान माणूस सावध असतो.

"पण एकदा सोडवलं की छबी नंदनवार म्हणजे ती," तिने सासूला समजावलं. "कायमची. तुमचं जन्मगाव, शाळा, आईवडील, सगळं तिच्याकडे. तुमची नोंद लग्नापासून सुरू होईल. त्याच्या आधी काहीच नाही."

"ते तर मी दिलंच आहे."

"आणि तुम्हाला तिच्या शेजारी उभं राहावं लागेल."

सुमनबाईंनी चिंचेचं ताट उचललं. "नाव दिलं. तोंड नाही देणार."

"तिच्या जिवाचा प्रश्न आहे, आई. तुमच्याही."

"एवढी वर्षं तिच्या गावावरून बस गेली तरी मी दुसऱ्या खिडकीकडे पाहिलं. आता या वयात तिच्या बाजूले उभी राहू? फोटो काढाले? तू दुसरं काहीतरी कर. शिकलेली आहेस न."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दर्शना घरी थांबली. ऑफिसचा पडदा तिने स्वयंपाकघरात ओट्यावर मांडला होता. सुमनबाई भिंतीला टेकून ताक पीत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले. ठिपका पिवळा झाला: विनंती गेली.

दर्शना पडद्याकडे वळली.

हिरवा.

"मिळाली," सुमनबाई म्हणाल्या. रंग परत येत होता. त्या हसणार होत्या, पण सुनेचा चेहरा बघून थांबल्या. सून पडद्याकडे बघत होती.

"काय लिहिलं तिथे?"

दर्शनाने पडदा जरा आपल्याकडे फिरवला.

"दर्शना. मले मिळाली म्हणजे तिले नाही?"

"आज नाही."

"पडली असेल?"

"माहीत नाही."

सुमनबाईंनी गळ्याखाली हात नेला. कुपीवर बोटं ठेवली आणि लगेच काढली, चटका बसावा तशी. नंतर चहा ठेवला, प्याल्या नाहीत. संध्याकाळी कूलरची थंडी होती तरी ठिपका पुन्हा पिवळा झाला, आणि त्या एकदम ओरडल्या, "नको मागू! थांबव त्याले! तिले घेऊ दे आधी!"

दर्शनाने त्यांचे हात धरले. कुपीला थांबवता येत नव्हतं. ती हृदयाचं ऐकत होती, बाईचं नाही. ठिपका हिरवा झाला आणि सुमनबाई रडू लागल्या. सासरे, रामदासराव, गेले त्या दिवशीही सुनेने त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"पहिले तिच्या वाट्याचं मी नेलं," त्या म्हणाल्या. "आता जीवपण नेऊ का? चल. कुठे उभं राहायचं ते सांग."

*

कामठीची खोली एकखणी होती. दार उघडणारी बाई उंच, वाळकी, केस पिंजलेले. तिने दर्शनाकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, आणि दाराची चौकट धरली.

"या," ती म्हणाली. तिने पलंगावरची चादर ओढून सारखी केली. "बसा."

सुमनबाई बसल्या नाहीत. पाणी आलं. तांब्या त्यांनी हातात घेतला, पाण्याकडे पाहिलं, आणि उभ्या उभ्याच सगळं पिऊन टाकलं.

"काल दोनदा पडलात?" दर्शनाने विचारलं.

"एकदा. दुसऱ्यांदा पलंगावरच होते, म्हणून पडणं झालं नाही." बाई हसली. गालावर खरचटलेलं होतं. "मला वाटलं, माझी वेळ आली. मग वाटलं, कुणाच्या नावानं जाणार मी? वर विचारतील तेव्हा काय सांगू?"

"वरच्याचं नंतर. इथे कोणी विचारलं तर तुम्ही छबी नंदनवार. तुमचं खरं नाव मला सांगू नका. मला माहीत असलं तर लिहावं लागेल."

बाईने सुमनबाईंकडे पाहिलं. सुमनबाईंनी मान फिरवली.

दर्शनाने दोघींना भिंतीशी उभं केलं. मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर त्यांनी ठेवलं. दोघींच्या मनगटाला पट्ट्या बांधल्या. पडद्यावर दोन नाड्या धावू लागल्या, वेगवेगळ्या, दोन्ही फार जलद.

"जवळ या. एका चौकटीत यायला पाहिजे."

कोणी हललं नाही. मग सुमनबाईंनीच एक पाऊल टाकलं. खांद्याला खांदा लागला.

"आता ओळख सांगा, आई. मोठ्याने. हे साठवलं जातंय."

सुमनबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला.  

"ही छबी. पवनीची. केशवराव नंदनवारांची लेक." त्या थांबल्या. "आईचं नाव देवकाबाई."

"तुम्ही स्वतः कोण?"

"मी सुमन रामदास पराते. पाचपावली."

त्या नावाला शेजारची बाई किंचित दचकली. दर्शनाला वाटलं, नवऱ्याचं नाव मध्ये आलं म्हणून.

तिने वाक्य लिहिलं. दोघींना समोर पाहिलं. या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. खाली आपलं नाव घालताना एक अक्षर चुकलं; ते खोडून तिने पुन्हा घातलं.

पडद्यावर ओळ आली: नोंदी वेगळ्या केल्या.

पट्ट्या सोडल्या. आता जायचं होतं. पण सुमनबाई दाराशी अडखळल्या आणि त्या बाईकडे न बघता बोलू लागल्या, घाईघाईने, गाडी सुटताना सामानाच्या सूचना द्याव्यात तशा.

"कोणी खोदून विचारलं तर सांगता आलं पाहिजे. माझ्या घरासमोर... तुझ्या घरासमोर लिंबाचं झाड होतं. तू चौथीत असताना पडलं. तुझ्या बापाले पान लागायचं, मायले नाही चालायचं. लहान भाऊ होता, देवीदास, तापात गेला. ते विसरू नको. त्याची आठवण काढणारं दुसरं कोणी नाही."

"नाही विसरणार," बाई म्हणाली.

*

"केस बंद केली का ती?" घाटोळे सरांनी विचारलं.

"हो. जोडणीची चूक होती, सर. माझी. दोन वेगळ्या बायका होत्या."

"अशा आणखी किती असतील?"

"शोधावं लागेल, सर." त्या प्रश्नाने तिला नंतरचे कितीतरी दिवस झोप लागली नाही. अंगठ्याची अट परत घालावी तर मागावरच्या बायका मरतात. घालू नये तर कुणाच्या तरी पदराखाली लपलेली दुसरी बाई मरते. कोणी तिचा ट्रेस पुन्हा उघडून वाचला, तर त्यात एक ओळ होती: छबी नंदनवार म्हणजेच सुमन पराते. ती ओळ खरी होती. आता नोंदीत तसं काहीच नव्हतं.

दुपारी ऊन चढलं की ती घरी फोन करायची. सुमनबाई सांगायच्या, "हिरवा आहे, हिरवा आहे." मग जरा थांबून विचारायच्या, "तिचा?"

"तिचाही."

"बरं," असं म्हणून फोन ठेवायच्या. आवाज निवांत नसायचा. रोज ऐकल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत.

*

पवनीच्या मांडवात, ताटातल्या तांदळावर नवरीचं नवं नाव अंगठीने लिहिलं ते रामदास परात्यांनी. 'सुमन' हे नाव त्यांनीच ठरवून आणलं होतं. कामठीच्या बाईचं खरं नाव सुमन आहे.